वीज गेली की जग ऐकू येतं

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर आकाशवाणी चौक आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'आकाशवाणी' म्हटलं तरी पुरतं. आतल्या इमारतीत काय चालतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि खरं सांगायचं तर आता आपल्यालाही फारसं उरलेलं नाही. पण हा शब्द आला कुठून, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांनी राहत्या घरात तीस वॅटचा ट्रान्समीटर बसवला आणि गावाला गाणी, भाषणं ऐकवायला सुरुवात केली. तीस वॅट म्हणजे घरातला जुना पंखा जेवढी वीज खातो, तिच्या निम्मीसुद्धा नाही. त्या घरगुती केंद्राला 'आकाशवाणी' हे नाव मिळालं आणि पुढे ते ऑल इंडिया रेडिओने उचललं. आपल्या चौकाचं नाव असं एका हौशी माणसाच्या घरातून निघालेलं आहे.

आपल्या शहराचा रेडिओशी संबंधही जुना. १९४७ साली भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली. त्याखेरीज संस्थानांची पाच होती: म्हैसूर, त्रावणकोर, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद, म्हणजे आपलं आजचं छत्रपती संभाजीनगर. पुणं त्या यादीत नव्हतं, नागपूरही नव्हतं. (हे पुण्याच्या पाहुण्यांना चहा देताना सांगायला बरं असतं.) हैदराबाद आणि औरंगाबाद ही निजामाच्या डेक्कन रेडिओची केंद्रं. १९५० मध्ये डेक्कन रेडिओ भारत सरकारकडे आला.

आणखी मागे गेलं तर रेडिओच्या गोष्टीत सरकार दिसतच नाही, दिसतात ते क्लब. १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू देशातले पहिले परवानाधारक हौशी रेडिओवाले ठरले. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केला, त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं २३ जुलै १९२७ ला. म्हणजे चार वर्षं हवेतला आवाज हा हौसेचा मामला होता. कुलाब्याला गेटवेजवळ समुद्राला लागून जो 'रेडिओ क्लब' आहे, त्याच्या नावातला रेडिओ शोभेचा नाही, खराखुरा होता. तिथे लग्नाचं जेवण जेवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

ही हौस अजून जिवंत आहे. तिला हौशी रेडिओ म्हणतात, ती करणाऱ्याला 'हॅम'. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचं हाकचिन्ह मिळवायचं, आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगातल्या दुसऱ्या हॅमशी बोलायचं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. तुमची तार, त्याची तार आणि मधलं आकाश.

आमच्या कॉलनीत एक सर आहेत. वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत तांब्याची तार ताणलेली असते. मधोमध एक प्लास्टिकचा तुकडा आणि तिथून खाली खोलीत जाणारी काळी केबल. बस, एवढाच अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तारेची लांबी किती, हे सर बोटावर मोजून सांगतात: १४३ ला ७.१ ने भागा, वीस मीटर. दहा इकडे, दहा तिकडे. शेजारच्या काकू त्याच तारेवर एकदा साडी वाळत घालायला निघाल्या होत्या. त्यांचा एकच प्रश्न असतो आणि तो त्या दर दिवाळीला फराळ घेऊन आल्या की विचारतात, "अहो सर, हातात मोबाईल असताना हे कशाला?"

सर उत्तर देत नाहीत. चिवडा खातात.

उत्तर द्यायचं तर जरा लांबून यावं लागतं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि अमेरिकेला जाग आली की हवेत बिनतारीवाल्यांचा नुसता गोंगाट माजलाय. त्याच वर्षी कायदा झाला: चांगल्या लांब लहरी जहाजांना आणि सैन्याला, हौशी मंडळींना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड. तेव्हाच्या जाणकारांचं मत असं, की लहर जितकी लांब तितकी दूर जाते, आखूड लहरी गावाबाहेरही धड पोचत नाहीत. थोडक्यात, पोरांना खडकाळ रान वाटून दिलं आणि म्हटलं, करा काय शेती करायची ती. पोरांनी केली. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेचा फ्रेड श्नेल आणि फ्रान्सचा लेऑं दलुआ हे दोघे हौशी ११० मीटरच्या आसपास अटलांटिक ओलांडून एकमेकांशी बोलले. निकामी म्हणून टाकलेल्या लहरी समुद्र पार करत होत्या, आणि त्याही मोठाल्या केंद्रांच्या तुलनेत चिमूटभर विजेवर. त्यानंतर मोठ्या कंपन्या धावल्या. अवघ्या चार वर्षांत, १९२७ मध्ये, खडकीला ट्रान्समीटर आणि दौंडला रिसीव्हर बसवून हिंदुस्थान आणि इंग्लंड आखूड लहरींनी जोडले गेले. खडकाळ रानाला सोन्याचा भाव आला.

हे होतं कसं? वेरूळ-अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं आहे, फक्त तिकडे लक्ष नसतं. लेण्याच्या आत ऊन सरळ पोचत नाही. मग बाहेर एक माणूस चकचकीत पत्रा किंवा आरसा धरतो, ऊन त्यावर आपटून आत वळतं आणि अंधारातला बुद्ध उजळतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ जाणारी रेडिओ लहर क्षितिजापलीकडे पोचत नाही. पण जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर सुरू होऊन कित्येकशे किलोमीटर वर पसरलेला हवेचा एक विरळ भाग आहे, ज्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तोडून काढतात. हे आयनांबर. मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा तो थर आखूड लहरींसाठी पत्र्याच्या आरशाचं काम करतो. अडीचशे ते चारशे किलोमीटरवरून लहर वळते आणि क्षितिजापलीकडच्या खोलीत उजेड पडतो.

हा आरसा मात्र पक्का नाही, डुलणारा आहे. आयनांबराचा सगळ्यात खालचा थर दिवसा तयार होतो आणि खालच्या वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि वरच्या आरशाकडे जायची वाट मोकळी होते. म्हणून रात्री मीडियम वेव्हवर दूरदूरची केंद्रं लागायची. ज्यांनी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकली आहे, त्यांना तो आवाज लाटेसारखा चढता-उतरता आठवत असेल. ऐन पायदानाच्या, म्हणजे गाण्याचा क्रमांक सांगायच्या वेळी आवाज विरायचा आणि घरातलं कुणीतरी रेडिओवर थाप मारायचं. दोष रेडिओचा नव्हता. आपल्या डोक्यावर तीनशे किलोमीटरवर आरसा हलत होता.

सूर्य भडकला तर आरसा जागेवर राहत नाही. १० आणि ११ मे २०२४ ला मोठं सौर वादळ आलं, लडाखात हानलेच्या आकाशात लाल झाक दिसली आणि त्याची छायाचित्रं सगळ्यांनी फोनवर पाहिली. सरांनी ती नंतर पाहिली. त्या दिवशीची त्यांच्या वहीतली नोंद एका शब्दाची आहे: 'मेला'. बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, मेला, असं.

ही वही बघण्यासारखी असते. हॅमला प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी लागते. तारीख, वेळ, वारंवारता, समोरच्याचं हाकचिन्ह, ऐकू कसं आलं. वेळ आपली नाही, जागतिक. रात्रीचे साडेनऊ वहीत १६०० होतात. ऐकू कसं आलं हे दोन आकड्यांत: पहिला पाचपैकी, शब्द किती कळले याचा, दुसरा नऊपैकी, आवाज किती दणकट होता याचा. 'फाइव्ह नाईन' म्हणजे उत्तम. भारतीयांचं हाकचिन्ह 'व्हीयू'ने सुरू होतं. देशोदेशींना अक्षरं वाटून दिली तेव्हा भारताला आलेल्या अक्षरांतलंच ते. चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानाच्या अंगावरचं 'व्हीटी' त्याचं सख्खं भावंड. जागा सांगायलाही छोटी युक्ती आहे. साऱ्या पृथ्वीवर चौकटी आखलेल्या आहेत आणि आपलं शहर पडतं 'एमके ७९' या चौकटीत. ब्राझीलच्या माणसाला 'छत्रपती संभाजीनगर' उच्चारायला लावण्यापेक्षा हे बरं.

आता त्या शीर्षकाचं. सरांच्या खोलीत पहिल्यांदा रिसीव्हर ऐकला तेव्हा मला नुसती खरखर ऐकू आली, आणि मधेच भिंतीपलीकडे कुणीतरी पुटपुटावं तसे आवाज. ही खरखर दोन प्रकारची, सरांनी समजावलं. एक माणसाची, एक आभाळाची. माणसाची म्हणजे स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, पाण्याच्या मोटरी. या प्रत्येकात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं आणि त्याचा कचरा रेडिओ लहरींच्या रूपात हवेत उडतो. कॉलनीत दोन-तीनशे घरं, घरटी दहा-बारा अशी यंत्रं. सगळ्या बाजूंनी कुणीतरी कागद चुरगाळतंय अशा बाजारात उभं राहून दूरच्या माणसाची कुजबुज ऐकायची.

आणि मग वीज गेली. उन्हाळ्यातली संध्याकाळ, कॉलनीभर एकच 'हाऽऽ' झाला. पंखे थांबले. सर मात्र खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा सेट बॅटरीवर चालू होता, आणि खरखर जणू कुणी झाडून काढावी तशी गेली होती. पुटपुट करणारे आवाज माणसांचे झाले. एक केरळचा, इंग्रजीत हवामान सांगत होता. दुसरा रशियन. त्याच्या मागे अगदी बारीक मोर्सची टिटवी चालली होती. तीस वर्षं विजेच्या खात्यात काढलेला माणूस वीज गेल्यावर खूश होतो, हे दृश्य मी त्या दिवशी पाहिलं. वीज आल्यावर त्यांनी हळहळून मान हलवली.

आभाळाची खरखर वेगळी. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दिवसांत हेडफोनमध्ये कडकड ऐकू येते, सुटी सुटी, जणू कुणी सुक्या फांद्या मोडतंय. प्रत्येक कडकड म्हणजे कुठेतरी पडलेली वीज. बाहेर आकाश निरभ्र असतं, ढगाचा पत्ता नसतो, आणि सर गच्चीवरची केबल सेटपासून काढून ठेवतात. बऱ्याचदा तासा-दोन तासांत वारा सुटतो. काकूंनी आता यावरून पापड आत घ्यायला सुरुवात केली आहे.

मघाशी मोर्सचा उल्लेख झाला. आपल्या देशात तार बंद झाली जुलै २०१३ मध्ये. शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून आठवणीसाठी तारा पाठवल्या. पण तारेची ती बोली हॅम मंडळींत रोज बोलली जाते. ठिपका-रेघ असं ते म्हणत नाहीत. ठिपक्याला 'डि', रेघेला 'डा'. 'कुणी आहे का' अशी सर्वांना हाक द्यायची तर 'सीक्यू': डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. निरोप घेताना ७३, म्हणजे 'शुभेच्छा': डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. उलटं वाचलं तरी तेच. मोर्स अजून टिकलंय याचं कारण जुन्याची ओढ एवढंच नाही. आवाज पोचवायला जेवढी रुंद पट्टी लागते, तिच्या एका बारीक चिरोटीत मोर्स मावतं, त्यामुळे थोडी ताकद तिथे एकवटते आणि आवाज बुडतो तिथे टिकटिक तरते.

परीक्षेबद्दल थोडक्यात. वय बारा पूर्ण हवं. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. वरच्या श्रेणीला मोर्सही, मिनिटाला आठ शब्द. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा. कागदपत्रांना वेळ लागतो, धीर धरावा. नियमांत मला आवडलेले दोन: गुप्त भाषेत बोलायचं नाही आणि धंद्याचं बोलायचं नाही. 'क्यू'ने सुरू होणारे ठरावीक संकेतशब्द चालतात, कारण ते साऱ्या जगाला माहीत आहेत. प्रत्येक वाक्य कुणीही ऐकू शकतं हे धरूनच बोलायचं.

पण परवान्यातली खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. मोबाईल तुम्ही वापरू शकता, उघडून त्याचा ट्रान्समीटर बदलू शकत नाही. हॅमला स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर बनवून हवेत सोडायची मुभा आहे. सामान्य माणसाला ही मोकळीक दुसरीकडे कुठे मिळते, मला ठाऊक नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला 'बिटएक्स' नावाचा सेट आखला, जगभरच्या हॅमनी तो बनवला. त्याची खुबी अशी की भारतातल्या साध्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांत तो व्हावा. कॉईल गुंडाळायला खास फेराइटची कडी लागते, ती मिळेना. तर नळाचा प्लास्टिकचा वॉशर घ्या, त्यावर तार गुंडाळा. सरांच्या पहिल्या बिटएक्सचे काही भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे, काही पैठण गेटजवळचे आणि वॉशर नळवाल्याकडचे. तो अजून चालतो. थोडा तापतो.

अशा मोकळिकीला राज्यकर्ते बिचकतात. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी हौशी परवाने रद्द केले. तरी १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओ बोलत राहिला, घरं बदलत. त्यामागे नरिमन प्रिंटरसारखे तंत्र जाणणारे हात होते. सुटे भाग जुळवून ट्रान्समीटर करणं ही कला देशात हौशी मंडळींनीच मुरवलेली.

किल्लारीच्या भूकंपाचं सांगायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गावं थकून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं भुईसपाट झाली, मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. त्यानंतरच्या दिवसांत देशातले हौशी रेडिओवाले तिथे सेट घेऊन गेले आणि निरोपांची ने-आण केली. नियमाने एरवी दुसऱ्याचा निरोप पोचवता येत नाही, आपत्तीत येतो.

अशा वेळी त्यांच्या तारेचं काय चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे. किल्लारीहून संभाजीनगर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशे. हातातल्या छोट्या वॉकीटॉकीची लहर सरळ रेषेत जाते, तिला उंची लागते. म्हणून तर म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या पुढची ती जागा, आपल्या शहरापेक्षा साडेचारशे-पाचशे मीटर वर. पाचशे मीटरवरून सपाट मुलखात लहर नव्वदएक किलोमीटर जाते. चारशे नाही. लांबवर फेकणाऱ्या अँटेनाचा उपयोग नाही, कारण ती लहर हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते, जवळच्यांच्या डोक्यावरून जाते. मग हॅम एक वरवर वेडगळ गोष्ट करतो. तार मुद्दाम खाली बांधतो, बाभळीच्या उंचीवर, आणि लहर सरळ आभाळात सोडतो. कारंज्यासारखी ती वर जाते, आयनांबराला टेकते आणि भोवताली चार-पाचशे किलोमीटरच्या वर्तुळात खाली सांडते. मधे डोंगर असो, दरी असो, फरक पडत नाही. पाणी वरून येतंय. याला लागतं काय? वीस मीटर तार, दोन झाडं, गाडीची बॅटरी. मोबाईलचा टॉवर उभा राहायला वीज, केबल, पुढचा टॉवर अशी साखळी लागते आणि भूकंपात नेमकी साखळीच तुटते.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम हैदराबादच्या चमूबरोबर अंदमानला गेल्या होत्या, केवळ हौसेसाठी. अंदमान हॅमच्या हिशेबात वेगळा मुलूख, आणि तिथून कित्येक वर्षांत कुणी हवेत आलं नव्हतं. जगभरचे लोक त्यांच्याशी एक शब्द बोलायला टपून बसलेले. २६ तारखेला सकाळी त्सुनामी आली. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि त्याच सेटवरून पोर्ट ब्लेअर मुख्य भूमीशी जोडून ठेवलं. बंगालमध्ये गंगासागर यात्रेत चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरं शोधून देण्याचं काम तिथला रेडिओ क्लब वर्षानुवर्षं करतो आहे. आपत्तीत कामाला येतो म्हणून हौशी रेडिओ ठेवावा, असं मात्र मी म्हणणार नाही. आपत्तीत तोच कामाला येतो जो एरवी रोज उगाच तारेशी खेळत बसलेला असतो.

उगाच खेळणाऱ्यांनी विज्ञानालाही बरंच दिलं. १९३३ मध्ये कार्ल जान्स्कीने आकाशगंगेतून रेडिओ लहरी येतात हे जाहीर केलं. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी ते ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला लागले. ग्रोट रेबर नावाच्या एका तरुण हॅमने १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या व्हीटन गावी घराशेजारी, स्वतःच्या पैशाने, साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभी केली आणि रात्री जागून आकाशाचा रेडिओ नकाशा काढला. कित्येक वर्षं जगातला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ म्हणजे हा एकटा. नारायणगावजवळ खोडदला आज पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, त्यांची आजी व्हीटनच्या त्या घराशेजारी होती. जो टेलर यांना पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळालं. तेही लहानपणापासूनचे हॅम. अवकाशातली क्षीण टिकटिक गोंगाटातून वेचायची विद्या त्यांनी हौसेकडे वळवली आणि स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर २०१७ मध्ये 'एफटी८' ही पद्धत काढली. पंधरा सेकंदांत चार शब्दांचा निरोप, कानाला ऐकूही येणार नाही इतका बारीक, संगणक बरोबर उचलतो. एलईडीच्या बाजारात राहणाऱ्या आमच्या सरांसारख्यांचं त्यावर चांगलं भागतं. अमेरिकेत २०१७ आणि २०२४ च्या खग्रास ग्रहणांत हॅमनी ठरवून देशभर संभाषणं केली. चंद्राची सावली पडली की आरसा तेवढ्यापुरता रात्रीचा होतो. हजारो वह्यांतून शास्त्रज्ञांनी त्या सावलीचा माग काढला.

अवकाशातही हौशी मंडळींची पाखरं फिरतात. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने 'हॅमसॅट' हा उपग्रह सोडला, ४२.५ किलोचा. दोन वर्षं चालेल असं धरलं होतं, चालला २०१४ पर्यंत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी केलेला किलोभराचा 'स्वयम्' जून २०१६ मध्ये वर गेला, हॅमचे निरोप साठवून पोचवण्यासाठी. त्याच सप्टेंबरात मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' गेला, तो आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायला. आपल्या शहरात एमजीएमच्या आवारात अंतराळ विज्ञान केंद्र आहे, तिथे दुर्बिणीला डोळा लावायला मुलं जातात. आकाशाला कान लावायची सोय त्याहून स्वस्तात होते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हौशी रेडिओ बसवलेला आहे. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथे होते तेव्हा त्यावरूनच भारतातल्या मुलांशी बोलले. स्थानकाचा आवाज येतो १४५.८ मेगाहर्ट्झवर. त्यासाठीचा अँटेना आम्ही पोलादी मोजपट्टीचा केला: पीव्हीसी पाइपवर मीटरभराचे तीन तुकडे, मधला तुकडा कापून तिथे केबल. पहिल्या दिवशी मी डाग देताना पट्टीवरचा पिवळा रंग खरवडायचाच विसरलो. डाग वर वर चिकटला, आत काही नाही. स्थानक डोक्यावरून गेलं आणि आम्ही दोघं दहा मिनिटं पाइप धरून उभे.

दुसऱ्या खेपेला रंग खरवडला होता. स्थानकावरून मधूनमधून चित्रं पाठवतात, आवाजाच्या रूपात. त्या आठवड्यात ती चालू होती. काकूही वर आल्या होत्या, तो प्रश्न घेऊनच. सर म्हणाले, "तुमचा मोबाईल द्या." त्यात आवाजाचं चित्र करणारं अ‍ॅप टाकलं आणि फोन रिसीव्हरच्या स्पीकरपाशी धरायला लावला. सात वाजून बावीस मिनिटांनी वायव्येकडून खरखरीत एक शिट्टी उगवली. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येत असतं, त्यामुळे मनमाड स्टेशनात न थांबता येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी लागते तशी वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झने वर असते आणि लांब जाताना तेवढीच खाली. सर बटण फिरवत होते, मी पाइप आभाळात वळवत होतो आणि काकूंच्या फोनवर ओळीमागून ओळ चित्र उतरत होतं. एका चित्राला दोन मिनिटं. वरचा भाग नुसती मुंग्यांची रांग, मग निळं काहीतरी, मग एका अंतराळवीराचा अर्धा चेहरा. पुन्हा मुंग्या. स्थानक चिकलठाण्याच्या पल्याड क्षितिजाकडे कलू लागलं होतं.

काकू बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या.

"हे नेटवरून नाही आलं?"

"नेट बंद करून बघा," सर म्हणाले.

त्यांनी खरंच बंद करून पाहिलं. चित्र होतंच. मग विचारलं, "परत कधी येणार ते?"

सरांनी वहीत वेळ लिहिली, मनात काहीतरी मिळवलं. "दीड तासाने."

"मग मी कुकर लावून येते," काकू म्हणाल्या आणि फोन घेऊन जिना उतरल्या.